लाल खडूचं चाक

बारावा फटका बसला आणि बर्फाचा खांब मध्येच सुटून एल्विराच्या गुडघ्यांवर येऊन पडला. तिने आकडा मनात पक्का केला. खड्ड्याच्या भिंतीतून हातभर रुंदीचा खांब मोकळा करायचा, वर फावडं आडवं ठेवायचं आणि थापट्या मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. तीसही खाऊन खांब उभा राहिला तर उतारावर जायला हरकत नाही. बारा म्हणजे काहीच नाही. स्की लावलेला माणूस नुसता वळला तरी त्याहून जास्त भार पडतो.

तुटलेल्या जागेचा थर तिने हातमोज्यावर घेतला. जाड साखर जशी असते तसा तो होता, कोरडा आणि सुटा. मे महिन्याच्या शेवटी, इकडचा हिवाळा सुरू होताना, पहिला बर्फ पडला, मग जूनभर आभाळ निरभ्र राहिलं आणि कडाक्याच्या थंडीत त्या बर्फाची साखर झाली. त्यावर गेल्या आठवड्यात वाऱ्याने दोन वीत घट्ट बर्फ आणून थापला. म्हणजे खाली सुटे दाणे आणि वर फरशी. डोंगराच्या सावलीच्या बाजूला सगळीकडे हीच गत असणार, हे एल्विराला कालच्या खड्ड्यात दिसलं होतं आणि आजच्या खड्ड्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. उन्हाच्या बाजूला तो भिकार थर धरलाच नव्हता. तिथला जुना बर्फ जूनच्या उन्हाने कधीच खाऊन टाकला होता.

आपलं बरोबर निघालं की माणसाला भीतीतही बरं वाटतं. एल्विरालाही वाटलं. सकाळीच फळ्यावर लिहून ठेवलंय ते किती बरं झालं, असं म्हणत तिने खड्डा बुजवला, स्की चढवल्या आणि ती खालच्या निवाऱ्याकडे घसरत निघाली. साडेअकरा वाजले होते.

निवारा म्हणजे तळ्याकाठचं दोन मजली दगडी घर. खाली शेगडी, लांब टेबलं आणि स्वयंपाकघर, वर निजायच्या फळ्या. तीस वर्षं ते घर ओविदिओ चालवत होता. एल्विराचा बाप डोंगर चढताना त्याचा दोरीतला जोडीदार, म्हणून ती लहानपणापासून त्याला तिओ म्हणायची, म्हणजे काका. हिवाळ्यात वाटाड्याचं काम ती इथूनच करायची आणि रोज सकाळी दारालगतच्या फळ्यावर डोंगराची हालहवाल लिहायची. पूर्वी हे काम ओविदिओ करायचा. त्याची पद्धत साधी: ‘उन्हाकडे बरं, सावलीकडे नको,’ एवढं लिहिलं की झालं. पण एल्विरा युरोपात जायला लागली. इथला हिवाळा संपला की तिथला सुरू होतो, आणि वाटाडे बर्फामागे धावत दोन्हीकडे पोट भरतात. तिथून ती चाक शिकून आली. एक वर्तुळ, त्याचे आठ भाग, वर उत्तर, खाली दक्षिण; धोका ज्या दिशेच्या उतारांवर असेल तो भाग लाल खडूने भरायचा. एका नजरेत कळतं. ओविदिओने पहिल्या वर्षी त्या चाकाची भरपूर टिंगल केली, बैलगाडीला लाव म्हणाला. मग पाहुण्यांना ते आवडतं असं दिसलं, तेव्हा गप्प बसला.

यंदा तिने आठव्यांदा ऑस्ट्रियातला हिवाळा केला आणि तिथून थेट नॉर्वेत जाऊन जूनच्या मध्यापर्यंत राहिली. घरी येऊन तिला जेमतेम दोन आठवडे झाले होते.

आत शिरून तिने बुटांचे चाप सोडायला घेतले आणि सहज मान वर केली. समोर फळा होता. चाकाचा वरचा अर्धा भाग लाल होता.

एल्विरा वाकलेलीच राहिली. वर म्हणजे उत्तर. आमच्या डोंगरांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सूर्य उत्तरेकडून जातो, तेव्हा उत्तरेचे उतार उन्हाचे आणि दक्षिणेचे सावलीचे. युरोपात नेमकं उलटं. सहा महिने रोज सकाळी तिचा हात चाकाचा वरचा भाग भरत होता, कारण तिथे सावली उत्तरेला असते. आज सकाळी आठ वाजता, दिव्याच्या उजेडात, डोळ्यांवर झोप असताना, डोक्यात ‘सावली’ असं म्हणत तिच्या हाताने सवयीने वरचा भाग भरला. जिथे मरण होतं तो भाग कोरा, स्वच्छ राहिला होता. चाकाच्या खाली तिच्याच अक्षरात ओळ होती: कोऱ्या बाजूला आज चांगलं.

 आणि साडेआठला, उजाडता उजाडता, दोघं जण निघून गेले होते: यामिला आणि तादेओ.

यामिला ही ओविदिओची एकुलती एक मुलगी. गावच्या शाळेत शिकवते, आणि स्कीवर चालायला लागली तेव्हापासून एल्विराची मैत्रीण. तादेओ तिचा होणारा नवरा, रोसारिओचा, सपाटीवरचा माणूस. बोलायला फार, पण पायाने दणकट. दोघं मोन्हा नावाच्या सुळक्याशेजारच्या खिंडीत चढून जाणार होते. चढायचं धारेवरून, ती वाट नेहमीची आणि सुरक्षित. उतरायचं कुठून ते फळा बघून ठरवायचं. खिंडीतून दोन वाटा उतरतात. एक उन्हाचा रुंद उतार. दुसरी सावलीतली उभी घळ, जिला सगळे धुराडं म्हणतात, थेट तळ्यावर येणारी. एल्विरा सरपणाच्या खोलीत बूट चढवत होती तेव्हा यामिलाने दारातून डोकं घातलं होतं आणि फळा पाहिला म्हणून सांगितलं होतं. त्यावर एल्विरा काय म्हणाली, ते तिला आता शब्दन् शब्द आठवलं. मग त्याच्या बाहेर पाऊल टाकू नका, असं ती म्हणाली होती.

स्वयंपाकघरातून कणीक आपटल्याचा आवाज येत होता. ओविदिओ भाकऱ्यांचं पीठ मळत होता आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होता. फळा हातभर अंतरावर. एल्विराची बाही वर गेली. हे खरं आहे आणि ते लपवून मी तिला चांगली म्हणणार नाही. एका फटकाऱ्यात पुसून टाकावं, खालचा भाग लाल करावा, मग ओरडावं की पोरांनी फळा नीट वाचला नाही. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. किती वेळ गेला कोण जाणे, दोन श्वासांचा असेल. मग तिने हात खाली घेतला आणि एका बुटाचा चाप तसाच उघडा ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

“तिओ, यामिला कुठून उतरणार म्हणाली?”

“धुराड्यातून. तूच तर चांगलं म्हणालीस.” ओविदिओने मान वर केली नाही.

“मी चाक उलटं भरलं.”

त्याचे हात पिठात थांबले. तो एल्विराकडे बघत राहिला, मग तिच्या खांद्यावरून पलीकडच्या फळ्याकडे. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. तीस वर्षं त्याने ह्या डोंगरातून माणसं खाली आणली होती, काही चालत, काही बांधून.

“मी सकाळी बघितलं होतं,” तो म्हणाला. “म्हटलं, काल ऊन कडक होतं, उन्हाचा बर्फ भिजून घसरत असेल. विचारणार होतो तुला.” आणि मग हात झटकत, “रेडिओ लाव.”

रेडिओ लागला, पण पलीकडून कोणी उचलेना. उचलणार कोण? थंडीत बॅटरी बसते म्हणून वर जाणारे रेडिओ बंद करून अंगाशी धरतात आणि खिंडीत पोचल्यावर, बरोबर एक वाजता, सुरू करतात, हा इथला नियम. तो ओविदिओनेच घातलेला. आता बारा वाजायला दहा मिनिटं होती. एल्विराने हिशेब केला. यामिला झपाझप चालणारी, तादेओ तिला मागे पडून दाखवणार नाही. ती दोघं साडेबाराला खिंडीत असतील. एक वाजेपर्यंत तिथे थांबतील का? वर वारा असेल, तर तादेओ म्हणेल खाली जाऊनच बोलू. यामिला नियमाची पक्की, पण लग्न ठरलेल्या माणसाचं ऐकायची तिला अलीकडे सवय लागली होती.

धारेवरून त्यांना गाठायचं तर तीन तास. धुराड्याखाली जाऊन ओरडावं तर आवाज पोचणार नाही, आणि उतार सुटला तर पहिली ओरडणारीच गाडली जाणार. एल्विराला काही सुचेना. ती दारात उभी राहून खिंडीकडे बघत होती.

“तळं,” ओविदिओ म्हणाला.

खिंडीतून खाली बघितलं की डोळ्यांसमोर तळंच असतं, गोठलेलं, पांढरं, सपाट, निवाऱ्याचं अंगण पंचवीस वेळा त्यात मावेल असं. त्यावर काही लिहिलं तर आंधळ्यालाही दिसेल. आणि लिहायला होती राख. निवाऱ्यामागे पिंपभर राख साठलेली असते, वाटेवर पाय घसरू नये म्हणून ती पसरतात. दोघांनी पिंप आडवं केलं, गॅसच्या टाक्या ओढायच्या घसरगाडीवर राख भरली आणि ओढत तळ्यावर नेली. ओविदिओचा डावा गुडघा कामातून गेलेला. एरवी तो दारापासून सरपणापर्यंत जायला दोनदा थांबतो. आता तो दोरी कमरेला बांधून धावत होता आणि एल्विरा मागून ढकलत होती.

काय लिहायचं, यावर मध्येच वाद झाला. एल्विराला फुली मारायची होती, दोन रेघांत काम होतं. ओविदिओ म्हणाला, फुली म्हणजे इथेच या असंही होतं, रोसारिओच्या माणसाचा काही नेम नाही. मग ‘नो’ लिहायचं ठरलं. नाही म्हणायला आमच्या भाषेत एन आणि ओ ही दोन अक्षरं पुरतात. धुराड्यातून सुटलेला बर्फाचा लोट जिथे थांबतो त्याच्या बऱ्याच अलीकडे, निवाऱ्याकडच्या काठाला, तिने पावलांनी अक्षरं आखली. एकेक अक्षर तीस पावलं उंच.

पहिली रेघ अर्धी झाली आणि वारा आला. फार नव्हता, पण राखेला पुरेसा होता. काळी रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत फिकी झाली आणि विस्कटून गेली. एल्विराला तिथेच बसून रडावंसं वाटलं. ओविदिओने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्यासाठी काठाशी जे भोक पाडलेलं असतं तिथे तो बादली घेऊन गेला, आणि बादलीत राख कालवून त्याने तिचा चिखल केला. तो चिखल पडला तिथेच गोठला. मग काम मार्गी लागलं. ती भोकापासून बादल्या आणत होती, तो ओतत होता. हातमोजे भिजले, बोटांना काही कळेनासं झालं. दर बादलीला ती वर बघायची. खिंड रिकामी. पुन्हा बादली, पुन्हा खिंड रिकामी. रिकामी आहे हे बरं की वाईट, तेही तिला कळेना. कदाचित ती दोघं येऊन घळीत उतरलीसुद्धा असतील. धुराड्याचं तोंड खालून दिसत नाही, पहिल्या वळणाशी आली की मगच दिसतात. तिने घळीवर नजर लावली. मग पुन्हा खिंडीवर.

‘नो’चं शेवटचं वळण बाकी असताना खिंडीत एक ठिपका दिसला. मग दुसरा.

एल्विराने बादली टाकली आणि दोन्ही हात हवेत आडवे फेकायला सुरुवात केली. एवढ्या लांबून ते हात त्यांना काय दिसणार, पण स्वस्थ उभं राहणं तिला जमेना. ठिपके एकत्र आले. काही वेळ तसेच राहिले. वर चढताना स्कीला लावलेल्या पट्ट्या काढत असतील, कोट चढवत असतील, पोळी खात असतील. माणसं बर्फावर उभी राहून काय काय करतात, आणि खाली तळ्याकडे तेवढं बघत नाहीत. मग एक ठिपका डावीकडे सरकला. डावीकडे धुराडं.

“बघ ना गं,” ओविदिओ पुटपुटला. “यामी, खाली बघ.” त्याच्या हातातल्या बादलीतून चिखल त्याच्याच बुटावर सांडत होता.

ठिपका घळीच्या तोंडाशी गेला आणि अर्धा दिसेनासा झाला. एल्विराने डोळे मिटले नाहीत. आपण लिहिलेलं काय करतंय ते आपल्याला बघावंच लागेल, असं तिला वाटलं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचा मनापासून तिरस्कार वाटला. ठिपका तिथेच होता. वर जात नव्हता, खाली येत नव्हता. मग तो मागे आला, हळूहळू, आडव्या पावलांनी, आणि दुसऱ्या ठिपक्याला जाऊन मिळाला. ओविदिओने गळ्यात अडकवलेल्या रेडिओत खरखर झाली.

तळ्यावर कोणी काय लिहिलंय, असं यामिला विचारत होती. तिचा आवाज अगदी रोजचा होता, जरा वैतागलेला.

ओविदिओने रेडिओ गळ्यातून काढून एल्विराच्या हातात दिला. 

“यामी, धुराड्यात पाऊल टाकू नका. सावलीची बाजू वाईट आहे, फार वाईट. मी चाक उलटं भरलं. लाल खाली हवं होतं. चूक माझी आहे.”

 वाऱ्याच्या आवाजातून यामिलाने विचारलं की उन्हाच्या उताराचं काय. एल्विराने बटण दाबलं आणि सोडलं. सकाळपर्यंत तो उतार चांगला होता, हे तिला माहीत होतं. आता एक वाजला होता, दिवस उबदार होता, आणि गेल्या तीन तासांत उन्हाने तिथे काय केलं ते तिने पाहिलेलं नव्हतं. मला माहीत नाही, असं तिने सांगितलं. धारेवरून चढलात तसेच परत उतरा, स्की पाठीवर बांधा, चार तास लागले तरी लागू देत.

“पप्पांकडे दे,” यामिला म्हणाली.

त्या दोन शब्दांत राग नव्हता. राग असता तर एल्विराला सोसला असता. वीस वर्षांत यामिलाने तिचं बर्फाबद्दलचं म्हणणं दुसऱ्या कोणाला विचारून घेतलं नव्हतं. ओविदिओने रेडिओ घेतला आणि जे एल्विराने सांगितलं तेच अक्षरशः पुन्हा सांगितलं, धार, स्की पाठीवर, घाई नको. बरं, असं म्हणून यामिलाने रेडिओ बंद केला.

त्यानंतरचे तास कसे गेले हे विचारू नये. धारेवर बर्फ नाही, काच असते. चढताना दिसत नाही, उतरताना दिसते. तीन वाजता ढग खाली आले आणि धार झाकली गेली. धुराडं काही सुटलं नाही. दिवसभर ते तसंच होतं, गुळगुळीत, शांत, कोणाचं काही बिघडवल्यासारखं मुळीच न दिसणारं. एकदा एल्विराच्या मनात आलं, सुटलं असतं तर निदान आपलं सांगणं खरं तरी ठरलं असतं. मग त्या विचाराची तिला लाज वाटली. ओविदिओने भाकऱ्या भाजल्या, त्यातली एक घाण करपवली. येर्बाच्या पाल्याच्या चहाचं पाणी तीनदा तापवलं, तो प्यायचा वाळका भोपळा भरून तिच्यापुढे ठेवला आणि दोघांपैकी कोणीही नळीला तोंड लावलं नाही. फळा पुसू का, असं तिने विचारलं. राहू दे, ती येईपर्यंत राहू दे, असं तो म्हणाला.

दारात बूट आपटल्याचा आवाज आला तेव्हा सहा वाजायला आले होते. आधी तादेओ आत आला, कोपराशी कोट फाटलेला आणि तोंड सुरू. धारेवर तो दोनदा पडला होता, दुसऱ्यांदा यामिलाने त्याला पाठपिशवीला धरून ओढलं होतं, आणि हे सगळं तो स्वतःचा पराक्रम असल्यासारखं सांगत होता. एल्विराला बघताच त्याने तिला मिठी मारली. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही गेलोच होतो, असं तो म्हणाला. रेडिओवरचं त्याला वाऱ्यात नीट ऐकू आलं नव्हतं, किंवा ऐकलेलं त्याने त्याच्या पद्धतीने लावून घेतलं होतं. वाटाडी असावी तर अशी, हे वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

“तसं नाही,” एल्विरा म्हणाली. तिने त्याला फळ्यासमोर उभं केलं आणि चाक दाखवलं, वर उत्तर, खाली दक्षिण, लाल कुठे हवं होतं आणि कुठे भरलं. तुम्ही माझ्यामुळे वाचला नाहीत, माझ्यामुळे तिथे गेला होतात, असं तिने सांगितलं. तादेओने चाकाच्या कोऱ्या अर्ध्या भागावर बोट ठेवलं. 

यामिला टेबलाशी बसून रस्सा पीत होती. भांडं रिकामं होईपर्यंत तिने मान वर केली नाही. बापाने पुन्हा वाढायला हात पुढे केला तो तिने थांबवला.

“माझी एक स्की आत गेली होती,” ती म्हणाली. “खालून ढुप्प झालं. पोकळ. पायाला कळलं मला, हे बरोबर नाही. लहान असल्यापासून मला ते कळतं. बाजूने एक चीर गेली, हाताएवढी.” तिने चमचा भांड्यात ठेवला. “तरी मी दुसरी स्की उचलली, एल्वी. म्हटलं, हिने दोन दिवस खड्डे खणलेत. हिला माझ्या पायापेक्षा जास्त माहीत असणार. तेवढ्यात तादेओ म्हणाला, तळ्यावर काय काळं दिसतंय बघ.”

 एल्विराला वाटलं होतं की यामिला ओरडेल, किंवा रडेल, किंवा सकाळी तू झोपेत होतीस म्हणून सोडून देईल. ह्यातलं काही झालं असतं तर तिला त्यावर काही म्हणता आलं असतं. दुसरी स्की उचलली, हे मात्र तिने कल्पलं नव्हतं. एल्विरावरचा विश्वासच त्या पोरीला घळीत ढकलत होता. एल्विराने माफी मागितली. यामिलाने मान हलवली, उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओले मोजे शेगडीवर टाकायला गेली.

सकाळी एल्विराने ओविदिओला सांगितलं की आजपासून फळा तुम्ही लिहा. त्याने साफ नकार दिला. माझा गुडघा वर जात नाही, न बघितलेल्या बर्फाबद्दल लिहू काय, तू बघतेस तर तूच सांगायचं, असं म्हणून तो सरपण आणायला गेला. आदल्या संध्याकाळी मेंदोसाहून आलेल्या दोघी बहिणी निघायच्या तयारीत होत्या आणि कुठे जावं ते विचारत होत्या. फळा कोरा होता. एल्विरा त्यांना घेऊन बाहेर अंगणात गेली. उजाडलं होतं. तिने हात लांब करून आधी उन्हाचा उतार दाखवला, हा दुपारपर्यंत, मग नाही. मग हात वळवून धुराडं दाखवलं आणि त्याला लागून असलेले सावलीतले सगळे उतार, एकेक करून, बोटाने. तिथे आज नाही, उद्या नाही, मी सांगेपर्यंत नाही. 

मागे दारात यामिला येर्बाचा भोपळा हातात घेऊन उभी होती. एल्विराचं बोट जिकडे जाई तिकडे ती बघत होती, बोटाकडे एकदा, डोंगराकडे एकदा, आणि पूर्वेला जिथून सूर्य येणार होता तिकडे एकदा. सगळे उतार होईपर्यंत ती थांबली. बरोबर आहे याची तिने स्वतः खात्री करून घेतली, आणि मग ती आत गेली.